मॅनिफोल्डचे आठ स्टड, त्यातल्या एकाने पाच दिवस खाल्ले

तर मंडळी, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून पुढे नेणारा नळ्यांचा भाग, एकदाचा खाली आला. नऊ दिवस लागले, त्यात खरं काम फार तर दोन दिवसांचं, बाकी नुसतं तेल सोडणं, वाट बघणं आणि एका तुटक्या स्टडकडे (डोकं नसलेला, आटे पाडलेला बोल्ट) बघत स्वतःलाच शिव्या घालणं.

गाडी जुनी डिझेल. हेड (इंजिनाचा वरचा भाग, त्यालाच मॅनिफोल्ड बसतो) ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा, स्टड पोलादी एम८, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. नट इतके गंजून झिजलेले की १३ चं सॉकेट त्यांच्यावर नुसतं फिरायचं, म्हणून आधी वायर ब्रशने घासून काढले आणि मग १२ चं सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसवलं. बारा कोनी सॉकेट इथे काढूच नका, ते फक्त कोपऱ्यांवर जोर देतं आणि कोपरे गेले की संपलं.

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल. डब्ल्यूडी-४० वाईट नाही पण तो १९५३ साली पाणी हटवायला बनवलेला, आट्यांत खोल शिरायला त्याहून पातळ काहीतरी लागतं, मी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं निम्मं वापरलं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, दरवेळी बाटली हलवूनच सोडायचं. तेल सोडलं की स्टडच्या टोकावर हातोडीने आठ-दहा हलके टोले. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो म्हणून तर आटे आतून पाचर मारल्यासारखे आवळतात, टोल्यांनी तो गंज जरा तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

चौथ्या दिवशी पाना लावला. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने. 'टक्क' असा कोरडा आवाज आला की समजा सुटला, मग पाव फेरा सोडा, त्याच्या निम्मा परत घाला, तेल, परत तेच. असे पाच निघाले. दोन नटांबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला, ते एका अर्थी बरंच झालं.

उरलेल्यांपैकी दोन तापवून काढले. गॅस टॉर्चची ज्योत फक्त नटावर, नट लालसर होईपर्यंत, आणि निवताना मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. हे मला आधी थोतांड वाटायचं, पण दोन्ही नट हलले. ज्योत हेडकडे जाऊ देऊ नका, ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशाराही देत नाही. तापवण्याआधी ॲसिटोन पूर्ण उडून जाऊ द्या, आणि क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तर त्या भागात मारूच नका, गरम झाला की त्यातून फॉस्जीन निघू शकतो, पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला तोच वायू.

आठवा फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, बाजूचा. अंधार पडत आलेला, सात निघाल्याची मस्ती, टॉर्च परत पेटवायचा कंटाळा, म्हणून पान्याला पाइप लावला. नट फिरायला लागला, पण टक्क झालं नाही, हाताला रबरासारखं मऊ लागलं. तो स्टड पिळवटत होता, नट सुटत नव्हता, आणि हे मला माहीत होतं, कळलंही, तरी अजून एक झटका दिला. तुटला. हेडच्या बाहेर जेमतेम तीन मिलिमीटर.

ईझी आउट, म्हणजे तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलटा फिरवायची सळई, हातात घेतला आणि परत ठेवला. जिथे अख्खा स्टड पिळून तुटला तिथे त्याच्या पोटातल्या भोकात बसणारी बारीक सळई काय टिकणार, आणि ती आत तुटली तर इतकी कडक असते की साधा ड्रिल तिला चाटतही नाही. त्यापेक्षा वेल्डिंग. बॅटरीचे टर्मिनल काढले, तुकड्यावर वॉशर ठेवून आतून वेल्ड भरलं, वॉशरवर मोठा नट ठेवून तोही वेल्ड केला. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटायची भीती नाही. पहिला नट टचकन उडाला. दुसराही. दोन्ही वेळा मी वेल्ड लाल असतानाच पाना लावला होता. तिसऱ्या वेळी हात लावण्याजोगा कोमट होईपर्यंत थांबलो, आजूबाजूला तेल सोडलं आणि पुढेमागे पुढेमागे करत वीस मिनिटं नुसता डुलवत बसलो. आधी केसभर हलला, मग पाव फेरा, मग कुईकुई करत पांढऱ्या भुकटीसकट बाहेर. ती भुकटी ॲल्युमिनियमच्या गंजाची, दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र राहिले की हेच होतं.

आटे शाबूत आहेत! टॅप (आटे पाडायचं हत्यार) नाही फिरवला, तो चांगला धातूही खरवडतो. जुन्याच एका बऱ्या स्टडला ग्राइंडरने लांबीच्या दिशेने दोन खाचा पाडल्या आणि तोच हाताने आत-बाहेर फिरवून घाण काढली. नवे स्टड बोटांनी तळापर्यंत जातायत. वर तांब्याचा मुलामा दिलेले नट आणि अँटी-सीझ (आटे पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावणार आहे, फक्त अँटी-सीझने घर्षण कमी होतं त्यामुळे मॅन्युअलमधला कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळायचा जोर) जसाच्या तसा देणार नाही, थोडा कमी.

टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) अजून मॅनिफोल्डलाच चिकटलेला आहे, चार नट. टेबलावर आडवा ठेवून तेल सोडलंय, रविवारपर्यंत पाना कपाटात आणि पाइप दुसऱ्या खोलीत.