३०० वेळेत संपली, तार सापडली, डॉलर मात्र परत गेले

३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, वीस तासांच्या मुदतीत बसली. ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या नोंदपत्रावर, सगळ्या कंट्रोलचे (वाटेतल्या तपासणी ठिकाणांचे) शिक्के आहेत. तरीही या राइड्सवर कर्करोग संशोधनासाठी जमवत असलेल्या आपल्या फंडाचा आकडा मागच्या नोंदीपेक्षा खाली आलाय. परदेशातल्या नातेवाइकांनी भरलेली बरीचशी रक्कम ज्याच्या त्याच्या कार्डावर परत गेली. म्हणून या वेळी सायकल थोडी आणि पावत्या फार.

आधी सायकल. मागच्या चाकाच्या हळूहळू उतरणाऱ्या हवेचं कोडं सुटलं. नवी ट्यूब टाकली तरी दीड-दोन तासांत चाक बसायचं, म्हणजे दोष टायरमध्येच असणार. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरच्या चिंध्या पडलेल्या असतात. त्यातली केसाएवढी पोलादी तार रबरात रुतते, आणि वजन पडलं की तेवढ्यापुरतं टोक आत काढते. बोटाला ती लागत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकतील तिथे तार आहे. नखांनी निघत नाही. भुवया कोरायचा चिमटा लागतो, तो आता सॅडलबॅगेत कायमचा. आणि ट्यूब घालताना वॉल्व्ह टायरवर छापलेल्या नावासमोर ठेवत जा, मग ट्यूबवरचं भोक टायरवरची जागा आपोआप दाखवतं. पंक्चररोधक पट्टीचे ३२ मिमीचे टायर जड लागतात म्हणणाऱ्यांनी रात्री तीनला खंबाटकीच्या पायथ्याशी हेडलॅम्पच्या उजेडात ट्यूब बदलून पाहावी. दोनशे रुपयांची चिनी ट्यूब घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता मूळ दुखणं. मुद्दा एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा आहे, आणि तो देणारा राहतो कुठे यावर नाही, पासपोर्ट कुठला यावर फिरतो. भारतीय पासपोर्टवाला एनआरआय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, तेव्हा ती परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआय कार्डधारक, म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय, मात्र परदेशी नागरिकच. न्यू जर्सीतली मावशी दर गणपतीला सांगलीला येत असली, तरी तिचे पन्नास डॉलर कायद्याच्या लेखी परकीय स्रोतातले. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. ८०जी, म्हणजे देणाऱ्याला करात वजावट मिळवून देणारी मान्यता, असलेल्या प्रत्येक संस्थेकडे ही नोंदणी असेलच असं नाही. दोन्ही परवानग्या वेगळ्या, त्या देणारी सरकारी खातीही वेगळी, गल्लत नको.

घोटाळा कुठे होतो? देणगीच्या पानावर तळाशी ‘मी भारतीय नागरिक आहे’ असा चौकोन असतो. आडनाव जोशी, माणूस आपला, मग लोक तो न वाचताच टिचकवतात. पुढे पासपोर्टची प्रत मागितली जाते, ओसीआय निघतात आणि पैसे उलटे जातात. मधल्या दिवसांत चलनाचा दर हलला असेल तर तो फरक देणाऱ्याच्या माथी. हा प्रश्न पान उघडताक्षणी, रकमेच्याही आधी विचारायला हवा. फंडरेझिंगची पानं विकणारे नेमकं ते करत नाहीत, कारण पहिल्याच पायरीला माणूस गळालेला त्यांना चालत नाही.

यावर ग्रुपवर लगेच तोडगा आला: ‘माझ्या खात्यात पाठवा, मी पुढे भरतो.’ हे अजिबात करू नका. कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट केलंय की परकीय स्रोताकडून मिळालेली रक्कम एका किंवा अनेक हातांतून फिरून संस्थेकडे आली, तरी ती परदेशी देणगीच राहते. म्हणजे भाऊ मध्ये उभा राहिला म्हणून मावशीचे डॉलर देशी होत नाहीत, उलट संस्था अडचणीत येते.

देशातल्या देशातही एकाच्या यूपीआयवर सगळ्यांचे पैसे गोळा करून एकरकमी भरणं वाईटच. पावती भरणाऱ्याच्या नावाने निघते, बाकीच्यांना काही मिळत नाही. प्रत्येकाने थेट संस्थेच्या पानावर, पॅन देऊन भरायचं. वजावटीसाठी १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र लागतं. संस्था वर्षभराच्या देणग्यांचा तक्ता ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरते, मग ते प्रमाणपत्र निघतं. एप्रिलमध्ये संस्थेला फोन करून ओरडण्यात अर्थ नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर ८०जीचा उपयोगच नाही, तेव्हा ऑफिसातल्या मंडळींकडे ‘टॅक्स वाचेल’ म्हणून जाऊ नका. त्यातले निम्मे नव्या प्रणालीत आहेत असं धरूनच चाला आणि संशोधनाबद्दल बोला.

बोलायला उदाहरणही हाताशी आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत द्यायच्या, असा तो प्रकार. रुग्णाच्या बिलाला दिलेले पैसे आणि प्रयोगशाळेला दिलेले पैसे, दोन्ही लागतात, पण खाती वेगळी. देणगी भरताना हेतूच्या रकान्यात ‘संशोधन’ निवडलं नाही तर ती सर्वसाधारण निधीत जाते. पानावर तो रकानाच नसेल तर आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

परदेशस्थांचं काय, याचा हिशोब मांडताना एक वेगळीच वाट दिसतेय. त्यांचे पैसे इकडे ओढायचेच कशाला? लंडनवाल्यांनी ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची लंडन ते ब्रायटन राइड करावी: ५४ मैल, आणि शेवटाकडे डिचलिंग बीकनचा चढ, जिथे बरेच जण उतरून चालतात. पैसा हृदयविकाराच्या संशोधनाला, वर ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याच्या प्रत्येक पौंडावर गिफ्ट एडचे २५ पेन्स संस्थेला मिळतात. टोरांटोकरांना सप्टेंबरात टेरी फॉक्स रन आहे. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गेलेला हा मुलगा १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. बॉस्टनकडच्यांना पॅन-मास चॅलेंज, पैसा डेना-फार्बरला. तिथे मात्र किमान रकमेची हमी द्यावी लागते आणि कमी पडेल ती तुमच्या कार्डावरून वसूल होते, म्हणून फॉर्म नीट वाचा.

मग आपला फलक रुपयांचा ठेवायचा नाही, किलोमीटरचा ठेवायचा. रक्कम ज्याच्या त्याच्या देशात, अंतर एकत्र. यात पावत्या जुळवण्याचा कटकटीचा भागही गळून पडतो. भारतीय पासपोर्टवाले एनआरआय तेवढे पूर्वीसारखे इकडे देऊ शकतील. त्यांच्यासाठी पासपोर्टची प्रत आधीच तयार ठेवायची सूचना पानावर सर्वांत वर टाकतोय.

मागच्या नोंदीतला किलोमीटरमागे दहा रुपये देणगीचा तक्ताही बदलावा लागेल. २०० ला तो गोड वाटतो, ६०० ला सहा हजार होतात आणि लोक फोन उचलेनासे होतात. ‘कमाल रक्कम’ असा रकाना हवाच. डीएनएफ झालं, म्हणजे राइड अर्धवट सुटली, तर शेवटच्या शिक्क्याच्या कंट्रोलपर्यंतचं अंतर धरायचं, जीपीएसचं नाही, म्हणजे वाद मिटला. ब्रेव्हे कार्ड हाच पुरावा.

पुढे ४०० आहे, सत्तावीस तासांची. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन असल्याने ४०० डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकायची, नंतर फक्त धावणं आणि आठवड्यातून एक हलकी राइड. परतीच्या पेडर रोडच्या चढासाठी लांब रनचे शेवटचे सहा किलोमीटर चढावर संपतील असा रूट आखा. दानाचा बिब, म्हणजे संस्थेला देणगी देऊन मिळणारा मॅरेथॉनचा प्रवेश, हवा असेल तर कोटा भरण्याआधी संस्थेला विचारा, आणि बिबच्या रकमेतला किती भाग ८०जीला धरला जातो तेही तेव्हाच.