मोटर पाणी उचलत नाही? आधी सक्शन बघा

जमिनीत सहा-सात फूट खोल हौद, वर एक-दोन मजले, गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि जिन्याखाली अर्ध्या एचपीची सेल्फ-प्रायमिंग (पाइपातली हवा स्वतःच काढणारी) मोटर. पुण्या-नाशकातल्या रो-हाउसपासून तालुक्याच्या गावातल्या बंगल्यापर्यंत मांडणी साधारण हीच. मोटर फिरतेय पण वर पाणी नाही, असं झालं की घरात एकच निदान होतं: मोटर गेली. बहुतेक वेळा ती धडधाकट असते. दुखणं हौद आणि मोटर यांच्यामधल्या आठ-दहा फूट पाइपात, म्हणजे सक्शनमध्ये असतं.

मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो खरं, पण ती फक्त पाइपातली हवा काढते. पाणी वर ढकलतो तो हौदातल्या पाण्यावरचा हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब फार तर १०.३ मीटर पाणी उचलेल, पुण्याच्या उंचीवर अर्धा-पाऊण मीटर कमीच. प्रत्यक्षात सहा मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये. दोन मीटरच्या हौदाला हे पुष्कळ झालं. पण जोडात केसाएवढी फट राहिली तर पाण्याच्या आधी हवाच आत शिरते. आणि हे गळणं डोळ्यांना दिसत नाही. वर जाणाऱ्या पाइपाचा जोड सुटला तर भिंत ओली होते. सक्शनचा सुटला तर पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत.

ही फट शोधायला प्लंबर लागतोच असं नाही. मेन स्विच बंद करा, मोटरजवळची युनियन (पाइप न कापता उघडता येणारा जोड) उघडा आणि सक्शनचा पाइप काठोकाठ पाण्याने भरा. दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली नाही तर सक्शन ठीक आहे. उतरली, आणि हौदाबाहेरच्या एखाद्या जोडाला थेंब धरला, तर गुन्हेगार सापडला. भरलेल्या पाइपात दाब आतून बाहेर असतो, म्हणून एरवी लपणारी फट आता पाझरते. जोड सगळे कोरडे आणि पातळी मात्र उतरतेय, तर बहुधा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या हौदातल्या टोकाची, पाणी परत न सोडणारी झडप; गावाकडच्या भाषेत ‘फुटबॉल’. त्यात वाळूचा कण किंवा पाइप चिकटवायच्या सोल्युशनची खपली अडकते, नाहीतर रबराचा वायसर कडक होतो. काढून धुवा, वायसर बदला. उघडलेल्या आट्यांना जुनी टेप खरवडून नवी टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा. युनियनमधली रबरी रिंग चपटी झाली असेल तर तीही बदला. एवढ्याशा रिंगपायी पूर्ण मोटर बदललेली घरं कमी नाहीत.

पाइप नव्याने टाकताना फूट व्हॉल्व्ह तळापासून किमान सहा इंच वर हवा, म्हणजे गाळ येत नाही. त्याच्या वर फूटभर तरी पाणी राहिलं पाहिजे, नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते. हौदापासून मोटरपर्यंत आडवा पाइप किंचित चढता ठेवा. मध्येच उंचवटा आला तर तिथे हवा साठून बसते आणि रोज सकाळी मोटरमध्ये तांब्याने पाणी ओतायची वेळ येते. सक्शनचा पाइप मोटरच्या तोंडाएवढाच घ्या, बारीक कधीच नको.

वरच्या पाइपाला मोटरनंतर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवतात. बसवावाच, पण त्याच्या आणि मोटरच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक छोटा कॉक ठेवा. एनआरव्हीवर दोन मजल्यांचं पाणी उभं असतं. मोटर खालून हवा काढते, पण त्या वजनाखालचं झाकण हवेने उघडत नाही. कॉक उघडला की हवा निघते, पाणी आलं की बंद करायचा. ही टी न टाकणारा प्लंबर आळशी समजावा.

पाणी येतं पण करंगळीएवढं, ही तक्रार वेगळी. खोक्यावर ‘ताशी २००० लिटर’ छापलेलं असतं ते सर्वात कमी हेडचं, म्हणजे पाणी सर्वात कमी उंचीवर चढवतानाचं. आपलं हेड आपण मोजायचं: हौदातल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत ११ मीटर धरा. मिनिटाला ३० लिटर वाहत असतील तर वीस मीटर पाइप आणि चार-पाच एल्बोंचं घर्षण एक इंची पाइपात साधारण दीड मीटर, पाऊण इंचीत चारच्या पुढे. म्हणजे पाइपात वाचवलेले पैसे रोज विजेत जातात. मोटर घेताना तक्त्यात १३ मीटरच्या रकान्यात काय लिहिलंय तेच वाचा. चालू मोटर तपासायला टाकीच्या तोंडाशी १५ लिटरची बादली धरा. अर्ध्या मिनिटात भरली तर मिनिटाला ३० लिटर. त्या हिशेबाने हजार लिटरला ३३ मिनिटं आणि जेमतेम एक तृतीयांश युनिट. आकडा टाकीच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा. वर्षभराने तो वीसवर आला तर आतला पितळी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) झिजलाय. या मोटरींत इम्पेलर आणि भिंत यांच्यात अगदी बारीक फट असते; बोअरचं वाळूमिश्रित पाणी ती लवकर खाते.

नुसती गुणगुणते, फिरत नाही? लगेच बंद करा, अर्ध्या मिनिटात वायंडिंग तापतं. महिनाभर बंद राहिलेली मोटर आतून गंजून जाम होते: वीज तोडून मागचं झाकण काढा आणि पंखा हाताने फिरवा. मोकळा फिरत असेल आणि तरी सुरू होत नसेल तर कंडेन्सर. तो त्याच मायक्रोफॅरडचा घ्यायचा, जवळपासचा नको.

टाकीच्या तोंडाला बॉलकॉक लावून निर्धास्त होऊ नका. तो हौदाला ठीक, कारण तिथे नळाचं पाणी येतं. सेल्फ-प्रायमिंग मोटरचं तोंड बंद झालं की ती सर्वात जास्त वीज ओढते आणि जळते. वर केबल फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार मोटर चालू-बंद करणारा) लावा, खाली हौदातही एक. कोरडी फिरली तर मोटरचं सील आधी जळतं. दोन्ही फ्लोट सिरीजमध्ये, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग.

पालिकेच्या नळाला थेट मोटर लावू नये. कारवाई होते ती वेगळीच. लाइनमध्ये दाब उलटला की फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं आणि तेच पुढे सगळ्या गल्लीत जातं.

टाकीत येणारा पाइप ओव्हरफ्लोच्या वर सोडा, पाण्यात बुडवू नका. बुडलेला असला आणि एनआरव्ही, फूट व्हॉल्व्ह दोन्ही गळके निघाले, तर रात्री चढवलेलं पाणी पहाटेपर्यंत हौदात परत उतरलेलं असतं.