रिक्सडॉर्फ : बर्लिनच्या पोटातले गाव

आमच्या वडगावातली वयस्कर माणसे गणपत गल्लीत बाजाराला निघाली की आजही "बेळगावला जाऊन येतो" असे सांगूनच घराबाहेर पडतात. वडगाव महापालिकेच्या हद्दीत आले त्याला कैक वर्षे झाली, घरपट्टीही तिथेच भरली जाते, पण बोलण्यात गाव वेगळे ते वेगळेच राहिले आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे बर्लिनला सहा आठवडे राहणे झाले, तेव्हा ही सवय मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली, कारण त्याचे घर नॉयकोल्न भागात आहे आणि त्या गजबजलेल्या भागाच्या पोटात रिक्सडॉर्फ नावाचे एक जुने गाव अजून जागच्या जागी आहे.

कार्ल मार्क्स श्ट्रासे या मोठ्या रस्त्यावर दुकाने, वाहने आणि माणसांची दाटी असते. तिथून दोन वळणे घेतली की आपण रिशार्डप्लात्स या लांबट आकाराच्या चौकात येतो, आणि आवाज एकदम खाली बसतो. हा चौक म्हणजे मूळ गावाची चावडीपुढची मोकळी जागा म्हणावी तशी सामाईक जमीन आहे. तिच्या दोन्ही अंगांना गावरस्ता, बाजूला मध्ययुगीन दगडी चर्च आणि मधोमध लोहाराची भट्टी. या भट्टीची नोंद १६२४ पासून सापडते. मी गेलो तेव्हा तिचे दार बंद होते, पण काळवंडलेल्या विटा आणि बुटके छप्पर पाहून मला आमच्या जुन्या लोहार गल्लीतला भाता आठवला आणि मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिलो.

गाव इथेच का वसले, हे नकाशापेक्षा पायांना लवकर कळते. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने जी रुंद दरी कोरली, तिच्यात बर्लिनचा जुना भाग वसलेला आहे. त्या दरीच्या दक्षिणेला टेल्टो नावाचे पठार आहे आणि रिक्सडॉर्फ नेमके त्या पठाराच्या काठावर आहे. वरच्या अंगाला शेते, खालच्या ओलसर सपाटीवर गुरांची कुरणे, आणि जवळच्या रोलबेर्गे या वाळूच्या टेकड्यांवर पवनचक्क्या, अशी गावाची मांडणी होती. आज तिथे पाच मजली इमारती उभ्या आहेत, तरी चढ लागतो तिथे लागतोच. वडगावच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. बळ्ळारी नाल्याकाठची आमची काळी जमीन, जिच्यातला बासमती सगळ्या पंचक्रोशीत नावाजला गेला, तिच्यावर आता कितीही प्लॉट पाडले तरी मोठ्या पावसात नाला आपली जुनी जागा शोधत येतो.

जमिनीची ही ओढ कोर्नर पार्कमध्ये सर्वात स्पष्ट दिसते. गाव शहर होऊ लागले तेव्हा बांधकामासाठी वाळू आणि खडी लागू लागली. फ्रान्झ कोर्नर नावाच्या मालकाची तिथे खडीची खाण होती. खाण उकरून झाल्यावर त्याने ती जागा बागेला आपले नाव द्यावे या अटीवर नगराला दिली, आणि तो खड्डा न बुजवता त्याच्या तळाशीच १९१२ ते १९१६ या काळात बाग रचण्यात आली. त्यामुळे आजही रस्त्यावरून पायऱ्या उतरून खाली गेल्यावर बाग लागते. ती सुंदर आहे, पण तिच्या उंच भिंतींकडे पाहताना मनात येत राहते की इथून उचललेली जमीन आजूबाजूच्या घरांच्या भिंतींत गेलेली असणार.

गावाचा पहिला दस्तऐवज २६ जून १३६० चा आहे. योहानिटर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने आपल्या रिशार्ड नावाच्या शेतवाडीचे गाव केले, त्याची ती सनद. १४३५ मध्ये संघाने हे गाव शेजारच्या टेंपलहोफ, मारीएनडोर्फ आणि मारीएनफेल्ड या गावांसह बर्लिन आणि कोल्न या जोड नगरांना विकून टाकले. म्हणजे शहराच्या हद्दीत जाण्याच्या ४८५ वर्षे आधीच हे गाव शहराच्या मालकीत गेले होते.

त्यानंतरची जी गोष्ट आहे, तिने मला खरे धरून ठेवले. १६२० मध्ये प्रागजवळच्या श्वेतगिरीच्या लढाईत बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, प्रोटेस्टंटांचा पाडाव झाला आणि हाब्सबुर्ग राजवटीने त्यांच्यावर कॅथलिक पंथाची सक्ती केली. कित्येक घराण्यांनी पिढ्यानपिढ्या आपली श्रद्धा लपूनछपून सांभाळली आणि अठराव्या शतकात सॅक्सनीमार्गे पळ काढून ती प्रशिया या जर्मन राज्यात पोहोचली. १७३७ मध्ये प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याने त्यांतल्या अठरा कुटुंबांना रिक्सडॉर्फमध्ये नऊ जोडघरे बांधून दिली आणि कसायला जमीन दिली. पुढे आणखी लोक आले, त्यांत विणकर पुष्कळ होते, आणि गावात माग सुरू झाले. मागाच्या आवाजात वाढलेल्या वडगावकराला हे वाचून काय वाटले असेल ते सांगायला नको. आमच्याकडेही विणकरांच्या घरांत कानडी, तेलुगू आणि मराठी एकाच उंबऱ्याच्या आत बोलल्या जातात, आणि शहापूरची साडी विणणाऱ्या हातांना कोणती भाषा येते हे साडीकडे पाहून कुणी सांगू शकत नाही.

पुढे रिक्सडॉर्फ एकाच नावाची दोन गावे झाली, एक जर्मन आणि एक बोहेमियन. दोघांचा मुखिया वेगळा, कारभार वेगळा, आणि मधे जेमतेम एका रस्त्याचे अंतर. ही व्यवस्था १ जानेवारी १८७४ रोजी दोन्ही गावे एक होईपर्यंत चालली. आम्हांला यात नवल वाटू नये. शहापूर हे बेळगावला खेटून असूनही १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, तर बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. आमच्या आजोबांच्या पिढीने बाजाराला जातायेता दोन राज्ये ओलांडली होती, आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर तर माणसे घरातून न हलता दुसऱ्या राज्यात गेली.

बोहेमियन वस्तीच्या मागच्या अंगाला किर्शगासे ही फरसबंद गल्ली आहे. तिथे १७५३ ची शाळा उभी आहे आणि तिच्या दर्शनी त्रिकोणावर एक चषक कोरलेला आहे. प्रार्थनेतला द्राक्षारसाचा चषक फक्त पुरोहिताने न घेता सर्व भाविकांना मिळावा, हा चेक धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांचा आग्रह होता आणि त्यापायी त्यांनी लढाया केल्या. घर सोडून आलेल्या माणसांनी ती खूण शाळेच्या माथ्यावर लावली. गल्लीत राजाचा पुतळाही आहे. आश्रय मिळालेल्या बोहेमियनांच्या कृतज्ञ वंशजांनी १९१२ मध्ये, म्हणजे १७५ वर्षांनी, तो उभारला. थोड्या अंतरावर १७५१ चे त्यांचे दफनस्थान आहे. तिथले काही जुने दगड आडवे, जमिनीलगत ठेवलेले आहेत, आणि त्यांवरची अक्षरे चेक भाषेतली आहेत. मी एका दगडावर बोट फिरवून पाहिले. शेवाळाने अर्धा शब्द झाकला होता, पण अक्षरांवरचे चेक चिन्ह बोटाला लागत होते. भाषा घराच्या आत किती पिढ्या टिकते, याचा विचार आम्ही सीमाभागातली माणसे रोज करतो, म्हणून तो दगड मला परका वाटला नाही.

पुढचा इतिहास वेगाने घडला. बर्लिनमध्ये कारखाने वाढले, शहराभोवती वर्तुळाकार रेल्वे आली, आणि स्वस्त भाड्याच्या शोधात मजूर रिक्सडॉर्फकडे वळले. शेतांच्या लांबट पट्ट्यांवर एकामागे एक अंगणे असलेल्या चाळी उभ्या राहिल्या. प्रशियातले सर्वात मोठे खेडे अशी ख्याती झाल्यावर १ एप्रिल १८९९ रोजी त्याला नगराचा दर्जा मिळाला. १९०० मध्ये तिथे सुमारे ९० हजार लोक होते आणि १९१० मध्ये सुमारे २ लाख ३७ हजार. दारूचे गुत्ते आणि नाचघरे यांमुळे गावाचे नाव बदनाम झाले होते, तेव्हा नगराच्या कारभाऱ्यांनी नावच बदलायचे ठरवले. २७ जानेवारी १९१२ रोजी, कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, वाढदिवशी, रिक्सडॉर्फचे नॉयकोल्न झाले. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. बदनामी गरिबीतून आली होती आणि गरिबी नाव बदलल्याने हटणार नव्हती. साडेपाचशे वर्षांचे नाव मात्र कागदावरून गेले.

शहरात सामील होण्याचा प्रसंग त्यामानाने कोरडा आहे. २७ एप्रिल १९२० रोजी प्रशियाच्या विधिमंडळाने थोड्याच मतांच्या फरकाने कायदा मंजूर केला आणि १ ऑक्टोबरपासून बृहद् बर्लिन अस्तित्वात आले. बर्लिनभोवतालची सात नगरे, ५९ गावे आणि २७ जहागिरी त्यात सामावल्या गेल्या. शहराचे क्षेत्रफळ सुमारे ६६ चौरस किलोमीटरवरून ८७८ वर गेले आणि लोकसंख्या जवळपास दुप्पट होऊन ३८ लाखांवर पोहोचली. नॉयकोल्न हा त्या शहराचा चौदावा विभाग झाला. हलगा–मच्छे बायपाससाठी आमच्या भागातली सुपीक शिवारे घेतली जाऊ लागली, तेव्हा शेतकरी बांधावर आणि न्यायालयात कसे उभे राहिले, ते मी पाहिले आहे. त्यामुळे एखाद्या विलीनीकरणाचे आकडे वाचताना त्या ५९ गावांतल्या बांधांवर काय बोलले गेले असेल, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्याच गल्ल्यांतून फिरलो. तिथल्या काही रस्त्यांना बोहेमियन घराण्यांची नावे आहेत, जसे शुडोमा श्ट्रासे आणि नीमेत्स श्ट्रासे. यातले दुसरे नाव मुलाने मला समजावून सांगितले. नेमेत्स या चेक शब्दाचा अर्थ जर्मन माणूस. म्हणजे बोहेमियात असताना ज्या घराण्याला शेजारी जर्मन म्हणत होते, ते घराणे जर्मनांच्या गावात आले आणि तिथे बोहेमियन ठरले, पण आडनाव तेच राहिले. आमच्याकडे कानडे आडनावाची घरे आहेत. त्यांच्या घरात मराठी बोलली जाते आणि ती माणसे मूळची कुठली हे आता कुणी विचारत नाही. त्या पाटीचा फोटो मी तिथूनच आमच्या रयत गल्लीतल्या कानडे मास्तरांना पाठवला.