ओटीएफएसचं सिम्युलेशन पहिल्यांदा चालवताना: माझा अनुभव

ओटीएफएस ही वायरलेस मॉड्युलेशनची पद्धत; तिच्यात डेटा विलंब आणि डॉप्लर (हालचालीमुळे वारंवारतेत होणारा बदल) यांच्या ग्रिडवर मांडतात. ताशी ५०० किमी वेग आणि ४ गिगाहर्ट्झ कॅरिअर (डेटा वाहून नेणारी लहर) धरला की कमाल डॉप्लर साधारण १,८५० हर्ट्झ येतो. सबकॅरिअरमधलं अंतर १५ किलोहर्ट्झ असेल तर हा त्याचा १२ टक्के भाग झाला. साध्या ओएफडीएममध्ये (डेटा अनेक सबकॅरिअरवर वाटून पाठवण्याची रूढ पद्धत) सबकॅरिअर मग एकमेकांत मिसळतात आणि एसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर) वाढवूनही बीईआरचा (बिट चुकण्याच्या प्रमाणाचा) आलेख एका पातळीवर आडवा पडतो. २०१७ साली हदानी आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं ओटीएफएस तपासायचं ते यासाठी.

मी ग्रिड लहान घेतो: विलंबाची ६४ घरं, डॉप्लरची १६. विलंबाची पायरी १.०४ मायक्रोसेकंद, डॉप्लरची ९३७.५ हर्ट्झ. ५१२ × १२८ च्या मोहात पडू नका. तिथे एलएमएमएसईचं (सरासरी चूक कमीत कमी ठेवून डेटा ओळखणाऱ्या रेषीय पद्धतीचं) पूर्ण मॅट्रिक्स ६५,५३६ बाजूचं होतं आणि नुसतं साठवायलाच सुमारे ६९ जीबी लागतात.

पाठवताना डॉप्लरच्या दिशेने १६ बिंदूंचा आयएफएफटी (उलट फुरिए रूपांतर), १/√१६ ने सामान्यीकरण, मग स्तंभामागून स्तंभ उलगडून एकच सिग्नल. सीपी (सिग्नलच्या शेवटाची सुरुवातीला जोडलेली प्रत) अख्ख्या फ्रेमला एकदाच. खरी मेख या उलगडण्यात आहे. मॅटलॅब स्तंभ आधी वाचतं, नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) ओळ आधी, म्हणून तिथे ऑर्डर 'एफ' द्यावीच लागते. ती विसरलात तरी चॅनलविना चाचणी बिनचूक निघते, कारण पाठवताना आणि घेताना चूक सारखीच होते. म्हणून एकच पायलट (आधीपासून माहीत असलेलं चिन्ह) ठेवा, गोंगाट शून्य, एकच मार्ग: विलंब २, डॉप्लर १. पायलट बरोबर २ घरं खाली आणि १ घर बाजूला दिसायला हवा. क्रम चुकला असेल तर तो खाली सरकतच नाही, पुढच्या ओळीत थोडासा सांडतो.

हे जुळल्यावरच ईव्हीए (वाहनांसाठीचं प्रमाणित मॉडेल) चॅनल लावा. त्याचा कमाल विलंब २.५१ मायक्रोसेकंद, म्हणजे ३ घरं. डॉप्लर पूर्णांक असेल तर पायलटभोवती ७ × ९ = ६३ घरं राखून भागतं. पण प्रत्यक्षात डॉप्लर घरांच्या मध्ये पडतो आणि अख्ख्या ओळीभर पसरतो; तेव्हा ७ × १६ = ११२ घरं, जवळपास ११ टक्के ग्रिड, रिकामी ठेवावी लागतात. माझ्या मते ही किंमत मोजावीच, नाहीतर डेटा पायलटच्या अंदाजात घुसतो. रिकाम्या घरांची वाचलेली शक्ती पायलटला देता येते, मात्र बेतानं: पायलट वेळेत दर ६४ नमुन्यांनी टोकदार शिखर उभं करतो आणि अँप्लिफायर तिथेच कापतो.