जुन्या पिकअपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायच्या आधी

रावेर-यावलकडे केळी वाहून थकलेली पिकअप विकायला निघाली की गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतं आणि भाव करतं. इंजिनाचं काम भुसावळ, जळगाव, धुळे कुठेही होतं. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा सगळं मिळतं. पैसा बुडतो तो चेसिस आणि गिअरबॉक्समध्ये, म्हणून आधी गाडीच्या खाली शिरा.

गाडीनं खत वाहिलेलं असेल तर चेसिसकडे जास्तच लक्ष द्या. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. पावसाळ्यात ते ओल धरून बसतं आणि क्लोराईड लोखंड खातं. वरून नवा रंग मारलेला असतो, पण हौदा चेसिसवर टेकतो त्या पट्टीखाली आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी पत्र्याचे पापुद्रे सुटलेले असतात. हातोडीनं हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. हँगरपाशी बद्द वाजलं तर ती गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे वेल्डिंग करून दीड टन माल लादणं धोक्याचं आहे. फाळका, दारं, केबिनचा पत्रा ही कामं शेवटी केली तरी चालतात.

आता मूळ मुद्दा. 'क्लच दाबून गुडघा दुखतो, हिला ऑटोमॅटिक बसेल का?' असं विचारणाऱ्याच्या गाडीचा क्लच एकदा दाबून बघा. बऱ्याचदा तो दगडासारखा जड असतो, आणि गुडघा दुखण्याचं खरं कारण तेच असतं. क्लच प्लेटचं लायनिंग झिजलं की प्रेशर प्लेटच्या डायफ्रामच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि पेडल जड होत जातं. त्यात क्लच सोडवणाऱ्या फोर्कचा पिव्होट (टेकू) कोरडा पडलेला आणि केबल आतून गंजलेली. हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरचं रबर फुगलेलं. एवढं सगळं नीट केलं तरी पेडल इतकं हलकं होतं की ऑटोमॅटिकचा विचार पुष्कळदा तिथेच मागे पडतो.

गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑईल सील एकदमच बदला. मजुरी एकदाच लागते. सील तेवढं ठेवलं तर नव्या प्लेटवर तेल येतं आणि महिनाभरात क्लच घसरायला लागतो. फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले तर लेथवर फेस मारून घ्या. प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' असं छापलेलं असतं, ती बाजू नीट बघून बसवा. स्प्लाइनला ग्रीस वाटाण्याएवढंच लावा. जास्त झालं की ते फिरताना उडून लायनिंगवर जातं.

बॉक्स खोलायच्या आधी आवाजावरून निदान करता येतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दुसरा गिअर टाकताना खर्र होतं आणि बाकीचे शांत पडतात, तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणारी रिंग) झिजली. सगळेच गिअर खरखरत असतील तर बॉक्सला हात लावू नका, क्लच पूर्ण सुटत नाहीये. उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप बाहेर पडतो, तेव्हा फोर्क, डिटेंटची (गिअर जागेवर धरून ठेवणारी) स्प्रिंग आणि शाफ्टचा आगेमागे होणारा खेळ तपासा.

तेलाच्या बाबतीत एक चूक फार होते. डिफरन्शियलला लागतं तेच जीएल-5 दर्जाचं नव्वद नंबर तेल गिअरबॉक्समध्येही ओततात. त्यातल्या गंधकयुक्त द्रव्याचं प्रमाण पितळी सिंक्रो रिंगांना सोसत नाही. गाडीच्या पुस्तकात जीएल-4 सांगितलं असेल तर तेच घाला.

इतकं करूनही ऑटोमॅटिकच हवं असेल तर तीन रस्ते आहेत.

पहिला, कंपनीतूनच ऑटोमॅटिक आलेली पिकअप घेणं. भारतात इसुझू व्ही-क्रॉस 1.9 लिटर डिझेल 2019 पासून 6 स्पीड ऑटोमॅटिकमध्ये मिळाली. टोयोटा हायलक्स 2022 मध्ये आली, 2.8 लिटर डिझेल आणि तिलाही 6 स्पीड ऑटोमॅटिक. महाग आहेत, पण इंजिन, बॉक्स, कूलर, वायरिंग सगळं एकमेकांसाठीच बनलेलं असतं.

दुसरा, क्लच पेडल मोटरनं किंवा व्हॅक्युमनं दाबणारं ऑटो-क्लच किट. गिअर हातानंच टाकायचे, पाय मोकळा. अपंग चालकांच्या कारसाठी ही किट चांगली सोय आहे. भरलेल्या पिकअपला मात्र मी ते सुचवणार नाही. चढावर रांगताना किट क्लच अर्धवट धरून ठेवतं आणि प्लेट जळते.

तिसरा रस्ता बॉक्स बदलण्याचा. इथे कामापेक्षा निवड अवघड आहे. जुन्या स्कॉर्पिओ एमहॉकला ऑस्ट्रेलियन डीएसआय कंपनीचा 6 स्पीड ऑटोमॅटिक येत असे. तो दिसायला मोहात पाडतो, पण त्याचा कंट्रोलर इंजिनाच्या कॉम्प्युटरशी सतत बोलत असतो. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला असला कॉम्प्युटरच नसतो. त्यामुळे नुसता बॉक्स भंगारातून आणून काही होत नाही. इंजिन, बॉक्स, दोन्ही कंट्रोलर, पूर्ण हार्नेस (वायरिंग), रेडिएटर, सिलेक्टर असा एकाच गाडीचा सगळा संच आणायचा, नाहीतर स्वतंत्र कंट्रोलर लावायचा.

पूर्ण हायड्रॉलिक (कॉम्प्युटरशिवाय, तेलाच्या दाबावर गिअर बदलणारा) जुना बॉक्स वायरिंगच्या कटकटीतून सोडवतो, पण तो पेट्रोल गाडीचा असेल तर दुसरी अडचण येते. त्याचा गव्हर्नर (वेगानुसार गिअर बदलवणारा भाग) साडेपाच हजार आरपीएमच्या इंजिनासाठी बसवलेला असतो. आपलं डिझेल चार हजारांच्या आतच संपतं, म्हणून पूर्ण रेस दिली की वरचा गिअर पडतच नाही. आणि थ्रॉटल केबल ढिली राहिली तर आतला दाब कमी पडून क्लच पॅक (बॉक्समधल्या क्लच प्लेटांचे गठ्ठे) जळतात. शिवाय एसयूव्हीचा बॉक्स सात माणसांचा विचार करून बनवलेला असतो, केळीच्या घडांचा नाही.

जोडणीत सगळ्यात महागडी चूक टॉर्क कन्व्हर्टरची. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तो असतो आणि तेलातून इंजिनाची ताकद बॉक्सला देतो. त्यात लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक बॉक्सचं तेल) घाला आणि तो फिरवत फिरवत बॉक्सवर आत ढकला. तीन वेळा 'खट' असा बसायला हवा: स्टेटरची स्प्लाइन, टर्बाईनची स्प्लाइन आणि पंपाची खाच. मग बॉक्स इंजिनाला लावा. बेल हाउसिंग (बॉक्सचं इंजिनाला टेकणारं तोंड) हाताच्या दाबानंच सपाट टेकलं पाहिजे, आणि टेकल्यावर कन्व्हर्टर व फ्लेक्स प्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) यांच्यात साधारण 3 ते 5 मि.मी. फट उरली पाहिजे. फट नसेल तर कन्व्हर्टर पंपात बसलेलाच नाही. अशा वेळी बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेतला की पंपाचा गिअर तडकतो आणि पहिल्याच स्टार्टला काम संपतं. अडॅप्टर प्लेट बनवली असेल तर क्रँक आणि बॉक्सचा मध्य डायल गेजवर 0.25 मि.मी.च्या आत जुळवा. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. तो कापल्यावर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवून बॅलन्सिंग करून घ्या. स्टार्टर फक्त पी (पार्क) आणि एन (न्यूट्रल) मध्येच लागेल अशी स्विचची जोडणी करा. हे विसरलं तर गाडी भिंतीत जाते.

आणि उष्णता. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवाच तापलेली असते. एटीएफ 80 ते 95 अंशांत सुखी असतं. त्याच्या वर दर 10 अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे. 120 च्या पुढे आत चिकट थर बसायला लागतो. म्हणून बॉक्समधून निघालेलं तेल आधी रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून, मग पुढे लावलेल्या पंखेवाल्या जादा कूलरमधून फिरवून परत न्या. तापमानाचा काटा बॉक्समधून निघणाऱ्या गरम लाइनवर लावा. जुना रेडिएटर वापरू नका. त्याचा आतला कूलर फुटला की तेलात पाणी मिसळतं, डिपस्टिकवर गुलाबी दूध दिसतं आणि लायनिंगचा गोंद सुटतो. भरलेल्या गाडीनं नवापूरकडे कोंडाईबारी घाट चढताना डी (ड्राइव्ह) मध्ये न ठेवता 2 किंवा एल (लो) या खालच्या गिअरमध्ये घ्या. कन्व्हर्टर कमी घसरतो, तेल कमी तापतं. उतरतानाही तोच गिअर ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो.

कागदपत्रं आधी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत. एमएच-19 (जळगाव) असो, 18 (धुळे) असो की 39 (नंदुरबार), आपल्या आरटीओत लेखी विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. पिवळ्या पाटीच्या गाडीला 8 वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तेव्हा हा विषय निघतोच.

शेतावर गाडी ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही. बॅटरी चांगलीच लागते. बंद पडली तर मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आत तेल फिरत नाही. आधी प्रोपेलर शाफ्ट काढा.

पहिल्यांदा सुरू करताना 4-5 लिटर एटीएफ घालून इंजिन आयडलवर ठेवा आणि लगेच बाकीचं ओतत राहा. कन्व्हर्टरसकट कोरड्या बॉक्सला 8-9 लिटरच्या आसपास लागतं. सगळे गिअर एकेकदा फिरवून, तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, पीमध्ये लेव्हल बघा. स्टॉल टेस्ट घ्यायची तर ब्रेक घट्ट दाबून डीमध्ये पूर्ण रेस, 5 सेकंदांपेक्षा जास्त नाही, नंतर एनमध्ये मिनिटभर आयडल. आरपीएम फार चढला तर आतले क्लच घसरताहेत, फार खाली राहिला तर इंजिन कमजोर किंवा स्टेटर गेला. 500 किलोमीटरवर पॅन उतरवून चुंबक बघा. त्यावर राखाडी मऊ लगदा असणं ठीक आहे. चमकणारे कण किंवा काळं, जळका वास येणारं तेल दिसलं तर माल भरू नका, बॉक्स पुन्हा खाली घ्या.