गंगापूर धरण, गोदाकाठ आणि धोक्याचा वर्ग

गेल्या पावसाळ्यात नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना शेजारच्या काकूंनी विचारले, "धरणांचे धोक्यानुसार वर्ग पाडतात म्हणे, मग वरच्या वर्गातली धरणे फुटण्याच्या बेतात असतात का?" त्या वेळी मी घाईत उत्तर दिले आणि ते अपुरे राहिले, याची मला खंत आहे.

धोक्याचा वर्ग आणि धरणाची प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरावाला तडे आहेत का, पाझराचे पाणी गढूळ येते का, सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या वाटेचे, दरवाजे नीट उघडतात का, हे पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासणीत पाहतात आणि त्यातून प्रकृती ठरते. धोक्याचा वर्ग मात्र धरण फुटलेच तर खाली किती माणसे, घरे, पूल आणि शेती पाण्याखाली जाईल यावर ठरतो. त्यामुळे अगदी धडधाकट धरणही सर्वांत वरच्या वर्गात असू शकते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. ते लहान होते. पण वस्ती अगदी पायथ्याशी होती आणि माणसे वाहून गेली.

धरणाचा आकारही स्वतंत्रपणे मोजला जातो. भारतीय मानकानुसार ६० दशलक्ष घनमीटरांहून अधिक साठ्याचे धरण मोठे मानतात आणि त्याचा सांडवा संभाव्य महत्तम पूर, म्हणजे तिथे येऊ शकणारा मोठ्यात मोठा पूर, वाहून नेईल असा असावा लागतो. गंगापूरची आजची क्षमता सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे जवळपास १५९ दशलक्ष घनमीटर आहे. हे मातीचे धरण असल्याने सांडव्याला विशेष महत्त्व आहे, कारण दगडी बांध माथ्यावरून पाणी गेले तरी काही काळ तग धरू शकतो, मातीचा भराव मात्र त्या पाण्याने कुरतडला जातो.

गंगापूर सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधले आहे, पूर अडवणे हे त्याचे दुय्यम काम. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस त्याच्या हाती नाही. शहरातल्या नाल्यांचे पाणी थेट गोदावरीत येते, म्हणून होळकर पुलाखालचा प्रवाह पुष्कळदा धरणाच्या विसर्गाहून अधिक असतो. २००८ च्या सप्टेंबरातला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठपर्यंत चढले यावरून पूर मोजणाऱ्या आपल्या गावाने त्यानंतर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे काठावरच्या बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या रेषा, हे शब्दही शिकून घेतले.

मला खरी काळजी वाटते ती याची, की धरण तेच राहिले तरी त्याचा धोका वाढत जातो. १९६५ मध्ये धरण पूर्ण झाले तेव्हा काठावर द्राक्षबागा आणि मळे होते तिथे आज सोसायट्या उभ्या आहेत. म्हणूनच हा वर्ग एकदा ठरवून फायलीत ठेवून चालत नाही. राज्याची धरण सुरक्षितता संघटना आपल्याच नाशकात आहे आणि २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने आपत्कालीन कृती आराखडाही बंधनकारक केला आहे. त्या आराखड्यातला बुडिताचा, म्हणजे धरण फुटल्यास पाणी कुठवर येईल हे दाखवणारा, नकाशा गंगापूर रोड आणि पंचवटीतल्या प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर लागावा आणि पाणी पोहोचायला किती तास लागतील हे त्यावर मराठीत लिहिलेले असावे, अशी माझी मागणी आहे. काकूंच्या इमारतीचा फलक जिन्याजवळच आहे. सध्या तिथे पाणीपट्टीची सूचना लावलेली आहे.