प्लाटिया, २८ मिमी: पर्शियन बाजू रंगात आली

ग्रीक आणि पर्शियनांच्या प्लाटियाच्या लढाईचे छोटे पुतळे रंगवतोय, त्यातली ग्रीकांची फळी एकदाची रंगवून झाली. ब्राँझ, भाला, पुन्हा ब्राँझ. हात बसला की भराभर उरकतं. स्पार्टनांच्या ढालींवर सरसकट लॅम्डा (Λ हे ग्रीक अक्षर) काढला नाही. त्याचा पुरावा नंतरच्या पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातला, आणि आपली लढाई इ.स.पू. ४७९ची. कोंबडे, बैल, साप काढले, दिसायलाही झकास.

खरी मजा पर्शियनांत आहे. प्लाटियाला त्यांनी वेताच्या ढालींचं कुंपणच उभारलं आणि आडून बाण सोडले, म्हणून पहिली रांग ढालींची. आधी चामड्याचा तपकिरी, त्यावर बारीक ब्रशने पिवळट काड्या एकेक ओढायच्या, फटींत गडद वॉश (पाण्यासारखा पातळ रंग), शेवटी हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग). वेळखाऊ आहे, पण यात घाई केली की ढाल चटईसारखी दिसते. कपड्यांचे रंग सुसा या पर्शियन राजधानीतल्या झिलईच्या विटांवरच्या धनुर्धरांवरून उचलले. तो पायघोळ झगा मात्र दरबारी वाटतो. रणात बाह्यांचा अंगरखा आणि विजारच बरी. त्यामुळे फुलांची नक्षी फक्त काठांवर. जवळून नुसते ठिपके, हातभर लांबून फूल.

पर्शियन सेनापती मार्डोनियसच्या फळीत भारतीयही होते, बॅक्ट्रियन आणि शकांच्या मधे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस त्यांना सुती कपडे, वेताची धनुष्यं आणि लोखंडी टोकांचे बाण देतो. नेमके पुतळे मिळेनात, म्हणून मौर्यकाळातले धनुर्धर घेतले आणि त्यांची पुरुषभर उंच धनुष्यं कापून आखूड केली. त्या धनुष्यांचं वर्णन दीडशे वर्षांनंतरचं, अलेक्झांडरच्या स्वारीतलं. सुती पांढऱ्याला थेट पांढरा लावू नका. राखाडी-तपकिरीवर वाळूचा रंग, मग हस्तिदंती, आणि शुद्ध पांढरा फक्त चुण्यांच्या कडांना.

आता टेबलावर मॅसिस्टियस आहे. हा पर्शियन घोडदळाचा सरदार मुख्य लढाईआधीच पडला, म्हणून त्याचा बेस (पुतळ्याखालची बैठक) वेगळा. बाण लागून घोडा उधळला, हा खाली आला, पण अथेन्सवाल्यांचे वार लागेनात, कारण जांभळ्या अंगरख्याखाली सोन्याच्या खवल्यांचं चिलखत होतं. शेवटी डोळ्यावर वार करून मारला. म्हणजे सोनेरी रंग सगळीकडे फासायचा नाही, गळ्याशी आणि फाटलेल्या कापडातून डोकावेल इतकाच.

त्याच्या शोकात पर्शियनांनी घोड्यांच्या आयाळी कापल्या होत्या, तेव्हा मुख्य लढाईतल्या घोडदळाच्या आयाळी तासायला घेतल्यात. कानशीचे ओरखडे मानेवर उठतात; ते तुम्ही पुटीने भरता की जाड प्रायमरवर भागतं?